साखरेचा कोट घातलेल्या जिवाणूचा माग काढता काढता ॲव्हरींना थेट डीएनएच सापडला

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या घरात पेशंट होता, त्या घरच्या व्हॉट्सॲपवर एक रिपोर्ट हमखास फिरायचा. सीआरपी. आकडा वाढला की घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा, उतरला की हायसं वाटायचं. त्या सीआरपीमधला ‘सी’ म्हणजे काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. तेव्हा तेवढी फुरसतही कुणाला नव्हती.

तो ‘सी’ आलाय न्यूमोनियाच्या एका जिवाणूकडून. या जिवाणूच्या अंगावरच्या एका पदार्थाला न्यूयॉर्कच्या एका लॅबमध्ये ‘सी’ असं नाव दिलं होतं. १९३० मध्ये तिथल्याच दोन डॉक्टरांना दिसलं, की आजार भरात असलेल्या पेशंटचं सीरम या पदार्थात मिसळलं की गढूळ होतं आणि पेशंट बरा झाला की ते होणं थांबतं. रक्तातल्या ज्या प्रोटीनमुळे हे घडत होतं, ते सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. म्हणजेच आपलं सीआरपी.

ही लॅब ज्यांच्या नावाने ओळखली जायची ते ऑस्वाल्ड ॲव्हरी. गंमत अशी, की ॲव्हरींच्या कामाच्या यादीत सीआरपीचा नंबर बराच खाली लागतो. या माणसाने सगळी उमेद एका प्रश्नाला दिली. एवढासा जिवाणू आपल्या शरीराच्या अख्ख्या पोलीस दलाला गुंगारा देतो कसा?

ऑस्वाल्डचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ चा, कॅनडातल्या हॅलिफॅक्स गावचा. वडील इंग्लंडहून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १८८७ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातलं चर्च मिळालं आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. हा भाग म्हणजे खलाशी, स्थलांतरित, दारूचे गुत्ते आणि दाटीवाटीच्या चाळी. ऑस्वाल्ड आणि त्याचा थोरला भाऊ अर्नेस्ट कॉर्नेट वाजवायला शिकले. कॉर्नेट म्हणजे आपल्या बँडवाल्यांकडे असतो तसला तुतारीसारखा बाजा. रविवारी ही दोघं पोरं चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून वाजवायची, म्हणजे रस्त्यावरची माणसं आत येतील.

१८९२ या एकाच वर्षात अर्नेस्टही गेला आणि वडीलही. ऑस्वाल्ड तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता आणि मागे आई आणि धाकटा भाऊ रॉय होते.

पुढे कोलगेट युनिव्हर्सिटीत तो कॉलेजच्या बँडचा म्होरक्या झाला. शिक्षण घेतलं आर्ट्सचं. १९०० साली पदवी मिळाल्यावर त्याने एकदम गाडी वळवली आणि मेडिकलला प्रवेश घेतला. १९०४ मध्ये तो कोलंबियाच्या कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. पण दवाखान्यात त्याचं मन रमेना. कारण सरळ होतं. त्या काळी छातीच्या आजाराचा पेशंट समोर आला की डॉक्टरच्या हातात धीर देण्यापलीकडे फारसं काही नसायचं. अँटिबायोटिक यायला अजून तीन-साडेतीन दशकं होती. १९०७ मध्ये प्रॅक्टिस बंद करून ॲव्हरींनी ब्रुकलिनच्या होगलंड लॅबोरेटरीत नोकरी धरली आणि १९१३ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलचे प्रमुख रूफस कोल यांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं. काम एकच होतं, न्यूमोनिया.

आता न्यूमोनिया म्हटलं की आपल्याला चार दिवसांची ॲडमिशन आणि अँटिबायोटिकचा कोर्स आठवतो. तेव्हा तो अमेरिकेत सर्वाधिक बळी घेणाऱ्या आजारांपैकी एक होता. धडधाकट जवान माणूस आठवड्याभरात जायचा. यामागचा मुख्य आरोपी होता न्यूमोकोकस नावाचा जिवाणू. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर जोडीजोडीने बसलेले ठिपके आणि प्रत्येक जोडीभोवती एक पुसट कडं. ते कडं म्हणजे जिवाणूचा कोट, म्हणजेच कॅप्सूल. लॅबमध्ये वाढवल्यावर कोटवाल्या जिवाणूंच्या वसाहती तुकतुकीत दिसायच्या, म्हणून त्यांना म्हणायचे स्मूथ. कधी कधी एखादा जिवाणू कोट बनवायचा विसरतो, त्यांच्या वसाहती खरबरीत, म्हणून ते रफ. स्मूथ जिवाणू टोचला की उंदीर मरायचा. रफ टोचला तर उंदीर मजेत.

म्हणजे सगळा खेळ कोटाचा होता. पण कोट नेमकं करतो काय?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काहींचं काम असतं आलेल्या जिवाणूला पकडून गिळणं. गिळायचं तर आधी पकड बसली पाहिजे. अंगाला तेल लावलेला पैलवान जसा कुणाच्या हाताला लागत नाही, तशी गत या कोटाची. तो पाण्याने फुगलेला, बुळबुळीत असतो, पांढरी पेशी धरायला जाते आणि जिवाणू निसटतो. शिवाय शरीराची आणखी एक युक्ती असते. रक्तातली काही प्रोटीन्स जिवाणूच्या भिंतीवर जाऊन चिकटतात आणि हा शत्रू आहे, याला गिळा, अशी खूण करून ठेवतात. न्यूमोकोकसच्या बाबतीत ही खूण भिंतीवर होते, पण वरून जाड कोट असल्याने पांढऱ्या पेशीला ती दिसतच नाही. गाडीच्या नंबरप्लेटवर ताडपत्री टाकावी तसं.

यावर शरीराकडे एकच खात्रीचा उपाय असतो, अँटिबॉडी. कोटाला चिकटणारी अँटिबॉडी तयार झाली की तिची मोकळी राहिलेली बाजू पांढऱ्या पेशीला पकडायला मिळते. आखाड्यात घामेजलेल्या पैलवानाच्या अंगावर माती टाकली की पकड बसते, तसाच हा प्रकार. अडचण एवढीच, की ही अँटिबॉडी बनायला दिवस लागतात आणि न्यूमोनियाचा पेशंट तेवढा टिकेलच असं नाही.

त्यात आणखी एक मेख होती. न्यूमोकोकसचा कोट एकाच कापडाचा नसतो. त्या काळी डॉक्टर टाइप १, टाइप २, टाइप ३ अशी वर्गवारी करायचे आणि उरलेले सगळे चौथ्या गटात ढकलायचे. आज असे शंभराहून जास्त टाइप माहीत आहेत. एका टाइपची अँटिबॉडी दुसऱ्या टाइपच्या कोटाला ओळखतसुद्धा नाही. रॉकफेलरच्या हॉस्पिटलात घोड्यांना जिवाणू टोचून त्यांचं सीरम काढायचे आणि ते पेशंटला द्यायचे. टाइप १ वर त्याचा उपयोग व्हायचा, पण टाइप चुकला की सगळं मुसळ केरात.

ॲव्हरी आणि त्यांचे सहकारी अल्फन्स डोशे यांनी १९१७ मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात आणि लघवीतही एक विरघळलेला पदार्थ सापडत होता आणि तो ज्याच्या त्याच्या टाइपच्या सीरमलाच दाद देत होता. म्हणजे जिवाणू नुसता कोट घालून फिरत नव्हता, तर कोटाचे तुकडे आजूबाजूला सोडतही होता. त्यात त्याचा फायदाच. अँटिबॉडी त्या सुट्या तुकड्यांना चिकटून वाया जातात आणि खरा जिवाणू पुढे सटकतो.

हा पदार्थ आहे तरी काय, याने ॲव्हरींची झोप उडवली. तेव्हाची ठाम समजूत अशी होती, की शरीर अँटिबॉडी बनवतं ती फक्त प्रोटीनविरुद्ध. मायकेल हायडेलबर्गर नावाचे केमिस्ट त्याच संस्थेत दुसऱ्या कामात गुंतले होते. ॲव्हरी पावडरीची कुपी घेऊन अधूनमधून त्यांच्याकडे जायचे, ती हलवून दाखवायचे आणि कधी हात घालणार, म्हणून विचारायचे. अखेर हायडेलबर्गर वाकले. लिटरच्या लिटर रस्सा गाळून, आटवून, शुद्ध करत गेले. पदार्थ जितका शुद्ध होई तितकं त्यातलं प्रोटीन कमी होई, पण सीरमशी होणारी प्रतिक्रिया मात्र तशीच जोरदार. १९२३ मध्ये दोघांनी जाहीर केलं, की हा कोट साखरेचा आहे. म्हणजे चहातली साखर नव्हे. साखरेचे छोटे रेणू एकापुढे एक ओवून झालेली लांब माळ, पॉलिसॅकराइड. प्रत्येक टाइपच्या माळेतले मणी वेगळे, म्हणून प्रत्येकाची ओळख वेगळी.

अनेकांना ते पटलं नाही. त्यात कुठेतरी चिमूटभर प्रोटीन राहिलं असणार, असं लोक म्हणत राहिले. हा आक्षेप लक्षात ठेवा, वीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

ॲव्हरी माणूस कसा होता? बारीक चणीचा, मृदू बोलणारा आणि मोठं डोकं असलेला. कायम नीटनेटक्या कपड्यांत. लॅबमधली पोरं त्यांना लाडाने फेस म्हणायची, म्हणजे प्रोफेसरचं लघुरूप. लग्न केलं नाही. बरीच वर्षं ते डोशेंसोबत एकाच फ्लॅटमध्ये राहिले आणि रात्री घरी येऊनही दोघांची चर्चा जिवाणूंचीच. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात डॉक्टर म्हणून जायचं होतं, पण ते कॅनडाचे नागरिक असल्याने अधिकारी होता येईना. मग साधा शिपाई म्हणून भरती झाले आणि शिपायाच्या वेषात अधिकाऱ्यांना न्यूमोनिया शिकवू लागले. १९१८ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि मग कॅप्टन झाले.

कोट हेच हत्यार आहे, याचा सगळ्यात झकास पुरावा आला तो चिखलातून. रेने ड्युबो नावाचा तरुण फ्रेंच संशोधक ॲव्हरींच्या लॅबमध्ये रुजू झाला. त्याचं म्हणणं होतं, की निसर्गात ज्या अर्थी हा कोट साठून राहत नाही, त्या अर्थी तो खाणारा कुणीतरी असणारच. त्याने न्यू जर्सीच्या क्रॅनबेरीच्या दलदलीतली माती आणली, तिला खायला फक्त टाइप ३ ची साखर दिली आणि वाट पाहिली. एक जिवाणू तरला. तो एका एन्झाइमने ती माळ तोडून खात होता. १९३० मध्ये हे छापून आलं. मग ॲव्हरी आणि ड्युबो यांनी ते एन्झाइम टाइप ३ ची लागण झालेल्या उंदरांना दिलं आणि उंदीर वाचले. या एन्झाइमने न्यूमोकोकस मरत नव्हता. त्याचा फक्त कोट उतरत होता आणि पुढचं काम उंदराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी करत होत्या. टाइप १ किंवा २ ला मात्र ते हातही लावत नव्हतं. माकडांपर्यंत प्रयोग गेले, पण तेवढ्यात सल्फाची औषधं बाजारात आली आणि हे एन्झाइम मागे पडलं.

त्याच सुमारास ॲव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी आणखी एक गोष्ट केली. त्या वेळी तिची फार बातमी झाली नाही. नुसती टाइप ३ ची साखर टोचली तर ससे अँटिबॉडी बनवत नव्हते. मग यांनी ती साखर घोड्याच्या सीरममधल्या प्रोटीनला रासायनिक गाठ मारून जोडली आणि टोचली. सशांनी अँटिबॉडी बनवली, १९३१ मध्ये. हे काम पुढे कामाला येणार होतं, पण त्याला अर्धं शतक लागलं.

दरम्यान १९२८ साली लंडनहून एक बातमी आली आणि ॲव्हरींना ती अजिबात रुचली नाही. फ्रेडरिक ग्रिफिथ या ब्रिटिश डॉक्टरने जिवंत रफ जिवाणू आणि उष्णतेने मारलेले स्मूथ जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले होते. एक बिनकोटाचा, दुसरा मेलेला, म्हणजे उंदरांना काही व्हायला नको. पण उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत कोटवाले जिवाणू सापडले, तेही मेलेल्यांच्या टाइपचे. मेलेल्याचा कोट जिवंताच्या अंगावर चढला होता. एवढंच नाही, त्याची पिलावळही कोट घेऊनच जन्मत होती.

ॲव्हरींनी आयुष्याची कितीतरी वर्षं हेच सिद्ध करण्यात घालवली होती, की प्रत्येक टाइप वेगळा आणि पक्का आहे. आता कुणी म्हणत होतं, की एक टाइप दुसऱ्यात बदलतो. त्यांचा विश्वास बसेना. पण त्यांच्याच लॅबमधल्या मार्टिन डॉसनने प्रयोग करून पाहिला आणि ग्रिफिथ बरोबर निघाले. नंतर उंदराशिवाय, काचेच्या नळीतही ते जमलं. मग जेम्स ॲलोवेने जिवाणू फोडून नुसता अर्क वापरला, तरी बदल झाला. म्हणजे त्या अर्कात काहीतरी होतं, जे कोट कसा शिवायचा हे रफ जिवाणूला शिकवत होतं.

मधल्या काळात ॲव्हरींना थायरॉइडच्या ग्रेव्ह्ज डिसीजने गाठलं आणि १९३४ मध्ये ऑपरेशन झालं. तब्येत सावरल्यावर त्यांनी आधी कॉलिन मॅक्लाउड आणि १९४१ पासून मॅकलिन मॅकार्टी या तरुणांना घेऊन त्या अर्काचा पिच्छा पुरवला.

काम किचकट होतं. कधी प्रयोग चालायचा, कधी उगाच फसायचा. ७५ लिटर रश्शात वाढवलेल्या जिवाणूंतून शेवटी हाताशी यायचा १० ते २५ मिलिग्रॅम माल. अर्कात अल्कोहोल ओतत काचेच्या कांडीने ढवळलं, की पांढरे रेशमी तंतू कांडीभोवती गुंडाळले जायचे. साखर काढून टाकली, तरी ते काम करत होते. प्रोटीन पचवणारी एन्झाइम्स घातली, तरी काम करत होते. आरएनए तोडणारं एन्झाइम घातलं, तरी फरक नाही. डीएनए तोडणारं एन्झाइम असलेलं सीरम घातलं आणि सगळं थंड. ६० कोटी भागांत एक भाग इतक्या पातळ प्रमाणातही ते तंतू बिनकोटवाल्याला कोट घालत होते.

१ फेब्रुवारी १९४४ ला पेपर छापला गेला. ॲव्हरी ६६ वर्षांचे होते आणि कागदोपत्री निवृत्तही झालेले होते. ग्रिफिथ तो वाचायला हयात नव्हते. १९४१ मध्ये लंडनवर झालेल्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ते गेले होते.

तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे, की आनुवंशिक गुण प्रोटीनमध्ये असतात आणि डीएनए हा कंटाळवाणा, बिनडोक पदार्थ आहे. त्यांच्यासमोर ॲव्हरींनी पुरावा तर ठेवला, पण निष्कर्ष इतक्या जपून मांडला, की कुणाला तो घोषणा वाटावाच नाही. तंतूंसोबत दुसरं काही सूक्ष्म प्रमाणात आलं असण्याची शक्यताही त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. रॉकफेलरमधलेच आल्फ्रेड मर्स्की सांगत राहिले, की यात चिमूटभर प्रोटीन राहिलं असणार. तोच जुना आक्षेप, फक्त आता साखरेऐवजी डीएनएवर. पण ज्यांना अर्थ कळला, त्यांनी थेट आयुष्याची दिशा बदलली. अर्विन चारगाफ यांनी पेपर वाचून आपली लॅबच डीएनएकडे वळवली.

१९४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली मेडल दिलं. ॲव्हरी प्रवास करू शकत नव्हते, म्हणून सोसायटीचे अध्यक्ष सर हेन्री डेल ते घेऊन न्यूयॉर्कला आले. नोबेलसाठी त्यांचं नाव तीसच्या दशकापासून अनेकदा सुचवलं गेलं, आधी साखरेच्या कामासाठी, नंतर डीएनएसाठी. मिळालं नाही. हा अन्याय होता, असं आज सरसकट मानलं जातं आणि त्यात काही चूक नाही. पण नोबेलच्या नादात साखरेचं काम झाकलं जातं, ते जास्त खटकतं.

१९४८ मध्ये ॲव्हरींनी लॅब सोडली आणि ते नॅशव्हिलला गेले. धाकटा भाऊ रॉय तिथे जिवाणूशास्त्राचा प्राध्यापक होता. वॉटसन-क्रिकचा डीएनएचा जिना १९५३ मध्ये जाहीर झाला तेव्हा ॲव्हरी हयात होते. २० फेब्रुवारी १९५५ ला यकृताच्या कॅन्सरने ते गेले.

त्यांच्या साखरेची गोष्ट मात्र चालू राहिली. मॅक्लाउड आणि हायडेलबर्गर यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाईदलाच्या प्रशिक्षण केंद्रात चार टाइपच्या शुद्ध साखरेची लस टोचून पाहिली आणि त्या टाइपचा न्यूमोनिया रोखला. पण तेवढ्यात पेनिसिलिन आलं आणि लसीची गरजच संपली, असं डॉक्टरांना वाटू लागलं. ती संपली नव्हती. अँटिबायोटिक देऊनही माणसं पहिल्या काही दिवसांत जात होती. १९७७ मध्ये १४ टाइपची आणि १९८३ मध्ये २३ टाइपची लस अमेरिकेत आली. मोठ्यांसाठी ती ठीक होती. दोन वर्षांच्या आतल्या बाळांचं शरीर मात्र नुसत्या साखरेकडे ढुंकूनही पाहत नाही, ॲव्हरींच्या सशांसारखंच. आणि याच वयात न्यूमोकोकस खूप जीव घेतो.

उत्तर १९३१ च्या त्या गाठीत होतं. साखर प्रोटीनला जोडा. अशा लसीला कॉन्जुगेट म्हणतात. बाळांना होणाऱ्या मेंदूज्वराच्या हिब जिवाणूवर ती आधी चालली, मग २००० साली न्यूमोकोकसची पहिली कॉन्जुगेट लस अमेरिकेत आली. महाग असल्याने गरीब देशांत ती बराच काळ पोहोचली नाही. भारताच्या सरकारी लसीकरणात पीसीव्ही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर गेली. त्याच्या जरा आधी, डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोसिल ही स्वतःची लस आणली. कोरोनाच्या लसीच्या गडबडीत तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. तिच्यात दहा टाइपच्या कोटांची साखर आहे आणि प्रत्येक साखर प्रोटीनला जोडलेली आहे.

घरात लहान बाळ असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, अशा तीन रकान्यांत पीसीव्ही लिहिलेलं दिसेल.